माणसाचा सांगाडा

"खराय का हो हा?"

माझ्या नोकरीची सगळी वर्षं या एका प्रश्नाने खाल्ली. बाजाराच्या दिवशी परभणीत आलेला माणूस गूळ-तेल घेऊन झालं, बैलाची घुंगरं घेऊन झाली, की मोटारीला अजून वेळ आहे म्हणून आमच्याकडे शिरायचा. पायताणं दाराबाहेर काढायचा, देवळात आल्यासारखा दबकत आत यायचा आणि समोर उभ्या सांगाड्याकडे बघून मला विचारायचा, खराय का. खरा आहे म्हटलं की दुसरा प्रश्न ठरलेला, "कुणाचा हाय?" आता कुणाचा म्हणून सांगू? माझ्या आज्याचा?

सरकारी पाटीवर आमचं नाव 'विज्ञान संग्रहालय' असं होतं. लोक मात्र अजबखानाच म्हणायचे, कारण निजामाच्या अमदानीत तो अजायबखानाच होता. एका कचेरीच्या मागच्या बाजूला दोन लांबट खोल्या. पहिलीत लोहचुंबक, हाताने फिरवलं की दिवा लागणारं यंत्र, पितळी गोळ्यांची सूर्यमाला. तिच्यातला शनी कधीचा पडला होता, तो मी दोऱ्याने बांधून ठेवला होता. दुसरीत पेंढा भरलेलं गिधाड, बरणीतला नाग आणि लोखंडी खांबाला टांगलेला सांगाडा. आलेल्यांना हे सगळं समजावून सांगायला सरकारने मला नेमलं होतं. हुद्दा मार्गदर्शकाचा, पण सगळे मास्तरच म्हणत. सकाळी शाळांची पोरं, दुपारनंतर बाजारकरू. तेच यंत्र, तेच गिधाड, तेच बोलणं. संध्याकाळी घरी गेलं की बायकोने "चहा टाकू का?" विचारलं तरी उत्तर द्यायचं जिवावर यायचं. मान हलवायचो नुसती.

त्यात भाषेची तकलीफ वेगळीच. मी सगळं विज्ञान शिकलो उर्दूतून. घरी मराठी बोलायचो खरं, पण चुंबक माझ्या डोक्यात मक्नातीस म्हणूनच होता आणि उष्णता हरारत म्हणून. आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि वरून हुकूम आला, उर्दू पाट्या काढा, मराठी लावा. बसलो रंगाचा डबा घेऊन. सांगाड्याच्या पायाशी 'इन्सानी ढांचा' होतं, तिथे मी मोठ्या ऐटीत 'मानवी अस्थिपंजर' असं रंगवलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना शिवी दिली. म्हणाले, "अहो, लोकांना कळेल असं लिहा की." पुन्हा खरवडलं, पुन्हा रंगवलं. 'माणसाचा सांगाडा'. साहेब खूश. आमच्याकडे बाई 'माझा माणूस' म्हणते तेव्हा तिच्या मनात काही मानवजात नसते, हे ना साहेबांच्या ध्यानात आलं, ना माझ्या.

त्या सांगाड्याजवळ उभं राहून मी जे बोलायचो, ते मला आजही झोपेतून उठवलं तरी पाठ म्हणता येईल. हा माणूस तिशीच्या आतबाहेरचा. ही कवटी, ही बरगडी, हा मणका. मग डावा हात. कोपराच्या खाली त्या हाडावर एक गाठ होती. ती दाखवून मी म्हणायचो, "इथं हा हात एकदा मोडला होता. पण बघा, हाड आपलं आपण सांधून आलंय. थोडं वाकडं आलं, पण आलं." एवढं मात्र मी मनापासून सांगायचो. बाकीचं सगळं कंटाळ्यापोटी.

एका बाजाराच्या दिवशी, दुपार कलल्यावर, एक म्हातारा आणि एक बाई आत आली. म्हाताऱ्याचं मुंडासं धुळीने भरलेलं. बाई त्याच्या मागे, पदर पुढे ओढलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू. दोघांनी चुंबकाकडे बघितलं नाही, यंत्राकडे बघितलं नाही. थेट दुसऱ्या खोलीत गेली. मी मागे गेलो आणि सवयीने तोंड उघडलं, "हा खरा सांगाडा आहे बरं का, हा माणूस—"

"ते ठावं हाय आमाला," म्हातारा म्हणाला. "डावा हात दावा."

इतक्या वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. मी गाठ दाखवली. म्हातारा वाकून बघायला लागला. बाई जागची हलली नाही, पण तिची नजर त्या गाठीवरून निघेना. म्हाताऱ्याने पदराआडच्या त्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे वळला. "मास्तर, आमी जिंतूरकडचे. ही माझी सून. माझं लेकरू निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली पूर्णेला गेलं, रेल्वेच्या गँगमदी काम भेटतंय म्हनून. गेलं ते गेलंच. सांगावा न्हाई, काई न्हाई. लहानपनी गाडीवरून पडलं व्हतं, डावा हात मोडला व्हता. असाच. इथंच."

मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "आमच्या गावचा एकजन इथं येऊन गेला मागल्या बाजारी. तो सांगायलाय गावभर, परभनीला तिचा माणूस उभा केलाय, मोडक्या हाताचा, पाटीबी लावलीय म्हने. आता हिचा भाऊ माझ्या दारात येऊन बसलाय. म्हनतो, माणूस मेला, आता हिचा पाट लावून देतो, जागा बघून ठेवलीय. सांगा! माझं लेकरू जित्तं असताना माझ्या सुनेचा पाट लावतो का ह्यो?" त्याचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "म्हनून मीच घेऊन आलो हिला. म्हनलं, चल, मास्तरलाच इचारू. त्यो म्हनंल ते खरं. माझं लेकरू निघालं, तर मग तुजा भाऊ म्हनंल तसं."

लोकांनी मला आजवर खूप छळलं होतं. गिधाड उडतं का, नागाला दूध कोण पाजतं, दिवा लावून दाखवा, पुन्हा लावून दाखवा. पण कुणाचं पुढचं आयुष्य माझ्या तोंडाकडे बघत कधी उभं राहिलं नव्हतं. आणि मी आपला घाम पुसतोय.

"बाबा," मी म्हणालो, "हा सांगाडा ॲक्शनच्या कितीतरी आधीपासून इथं आहे. कलकत्त्याहून पेटीतून आलेला आहे."

"तवा तुमी व्हता का हितं?"

नव्हतो. मी ॲक्शननंतर लागलो होतो. ते खरं सांगितलं तसा म्हातारा खिन्नपणे हसला. "मंग? पेटी यायली असंल, तुमाला काय ठावं आत कोन व्हतं? सरकारचं काय सांगावं, आज हितलं तिथं, उद्या तिथलं हितं."

बरोबरच होतं त्याचं. ऐकीव गोष्टीवर त्याने का विसंबावं? तेव्हा मी जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगायला घेतलं. सांगितलं नव्हतं कारण शाळेची पोरं फिदीफिदी हसतात आणि बरोबरच्या बाईमाणसांना अवघडल्यासारखं होतं. मी कमरेच्या हाडाला हात लावला. म्हणालो, "बाबा, हे बघा. पुरुषाचं हे हाड अरुंद असतं, इथं खाली असं चिमटीसारखं येतं. हे बघा किती रुंद आहे. मधली जागा बघा. लेकरू बाहेर यायला ही वाट असते. हा पुरुष नाही. ही बाई आहे."

मग म्हातारा ओरडलाच, "बाई हाय? ही बाई हाय?"

"शंभर टक्के."

"मंग पाटीवर माणसाचा कामून लिवलंय?"

आता मानवजात, इन्सान, साहेबांची तपासणी हे मी त्याला कुठे सांगत बसू! म्हणालो, "चुकलं लिहिताना."

"आगं आयकलं का?" म्हातारा सुनेकडे वळला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "बाई हाय बग! आपला न्हाई ह्यो! जित्तं हाय माझं लेकरू, म्या म्हनलं नव्हतं? कुठंबी असंल, पर जित्तं हाय!" त्याने माझे पाय धरले. मी त्याला उठवतोय, नको नको म्हणतोय, तो ऐकेना. लेकरू जिवंत आहे असं मी म्हणालो नव्हतो. मी एवढंच म्हणालो होतो की ही बाई आहे. पण त्याला ते त्या घडीला कुणी सांगावं? माझी तर छाती झाली नाही.

सून मात्र खाली बसली होती. भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन. मला वाटलं, भाजून-पोळून आलीय बिचारी, उन्हातान्हाची चालली असेल, आनंदाने पाय गळाले. मी म्हाताऱ्याला म्हटलं, माठातलं पाणी आणा बाहेरून. तो जवळजवळ पळतच गेला.

तो बाहेर जाताच तिने पदर मागे सारला. पंचविशी-तिशीची असेल. चेहरा वाळून गेलेला. रडली नव्हती. मला वाटलं काही तरी विचारेल, पण तिने आधी सांगाड्याकडे बघितलं, त्या कमरेच्या हाडाकडे, मधल्या वाटेकडे.

"हिला लेकरू झालं असंल का?" तिने विचारलं.

"ते नाही सांगता येत," मी म्हणालो.

"मला न्हाई झालं. लगीन झालं अन् दुसऱ्या साली गेला त्यो." मग ती अगदी शांतपणे, दुकानात भाव विचारावा तशी बोलायला लागली. "मास्तर, मला हळदीकुंकवाला कुनी सवाशीण म्हनून बोलवंना, अन् रांडमुंड म्हनून सोडंना. भावानं जागा बघितलीय ती बरी हाय. बायकू मेलेला हाय, दोन लेकरं हायेत लहान. म्या येताना वाटंत देवाला म्हनत आले, ह्योच असू दे. ह्योच असू दे रे देवा." ती माझ्याकडे वळली. "तुमी हाय म्हनले असते तर काय गेलं असतं तुमचं?"

तेवढ्यात म्हातारा पाण्याचा तांब्या घेऊन आला. तिने पदर पुढे ओढला, पाणी पिऊन तांब्या परत दिला. म्हाताऱ्याने पुन्हा पुन्हा मला हात जोडले आणि दोघं निघाली. दारात तिने पायताणं घातली, त्याची पायताणं सरळ करून त्याच्यापुढे ठेवली आणि नेहमीसारखी त्याच्या मागे चालू लागली.

मी पाटी बदलली नाही. बदलून काय लिहिणार होतो? पण दुसऱ्या दिवशी सकाळी सेलूकडची शाळा आली, पोरांनी सांगाड्याभोवती गलका केला, "मास्तर, खराय का? मास्तर, कुणाचा?" आणि मी कवटी दाखवली, बरगडी दाखवली, मणका दाखवला, आणि डाव्या हातापाशी येऊन थांबलो. गाठीवर बोट ठेवून मी म्हणालो, "इथं हा हात मोडला होता." पुढचं वाक्य तोंडातून निघेना.

"मग मास्तर?" पोरं म्हणाली.

"मग काही नाही," मी म्हणालो. "चला, गिधाड बघा."