ताईचे अळणी रविवार

डायनिंग टेबलावर परवापर्यंत तीन वस्तू मांडून ठेवल्या होत्या. नळीतल्या, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या. डब्यातली संत्र्याच्या चवीची पावडर. आणि औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची साधी पाकिटं. पुढच्या महिन्यात ताई आणि मी सायकलवर अजिंठ्याला जाणार आहोत. जाताना सायकल, येताना गाडी. त्याआधी बाटलीत काय भरायचं ते ठरवून टाकायचं होतं.

माझी पद्धत ठरलेली आहे. पाकिटाची पुढची बाजू वाचायची नाही. मागचा बारीक तक्ता वाचायचा. आधी सोडियम किती ते बघायचं, कारण घामातून मुख्यतः तेच जातं. पोटॅशियम, मॅग्नेशियम त्यानंतर. मग साखर किती, आणि शेवटी पोटाला चालतं का. शेवटचं कुठल्याच तक्त्यात नसतं, ते सरावातच कळतं. तासाभराच्या फेरीला यातलं काहीच लागत नाही, पाणी पुरतं. पण अर्धा दिवस उन्हात पायडल मारायचं असेल तर नुसतं पाणी ढोसणंसुद्धा धोक्याचं असतं, अंगात उरलेलं सोडियम आणखी पातळ होतं. ताईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, म्हणून तिच्या डॉक्टरांना आधी विचारलं. त्यांनी तिच्यापुरतं प्रमाण सांगितलं.

ताई परवा ती नळी हातात घेऊन म्हणाली, "सोडियम सोडियम काय करू राहिली? मीठ म्हण ना."

मग तिनं नळी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मिठावरून आमच्या घरात एकदा जे झालं ते दोघींनाही एकदमच आठवलं असणार.

तेव्हा हे शहर औरंगाबाद होतं आणि पैठण रस्ता अरुंद होता. दोन्ही बाजूंना वडाची मोठी झाडं होती आणि दुपारीही रस्त्याचे लांब लांब तुकडे सावलीत असायचे. ताई बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. तिला कॉलेजनं गिअरची शर्यतीची सायकल वापरायला दिली होती. हँडल खाली वळलेलं, टायर बोटाएवढे बारीक. आमच्या गल्लीत तशी सायकल कुणी पाहिली नव्हती. रात्री ती ताईच्या पलंगाला टेकवून ठेवलेली असायची. अट एकच होती. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर सायकल तिच्याकडे राहणार, नाहीतर परत. पुढं दुसरी मुलगी रांगेत उभीच होती. घरची सायकल घ्यायची तर शर्यतीची नव्हे, साधीसुद्धा जमण्यासारखी नव्हती. म्हणजे निवड झाली नाही तर ताईचं सायकल चालवणंच संपणार होतं.

ही गोष्ट आईनं फार मनावर घेतली. ती सूर्याला नवस बोलली: निवड होईपर्यंत रविवारी अळणी. आमच्याकडे नवस आई बोलायची आणि ज्याचं काम असेल त्यानं तो पाळायचा, अशी वाटणी होती. माझ्या दहावीला मी चार महिने वांगं खाल्लं नव्हतं. त्यामुळं ताईनं काही कुरकुर केली नाही. रविवारी सकाळपासून सोमवार उजाडेपर्यंत तिच्या ताटात मीठ नाही. अळणी भाकरी, अळणी वरण, दूध, केळं.

आणि लांबचा सराव असायचा तो नेमका रविवारी.

ताई बिडकीनच्या पुढं ढोरकीनपर्यंत जाऊन परत यायची. दादा, म्हणजे आमचे वडील, मागून मोपेडवर आणि त्यांच्या मागं मी, मांडीवर पाण्याच्या बाटल्या घेऊन. बाटल्यांत ग्लुकोज. कॉलेजच्या खेळाच्या सरांचा ग्लुकोजवर मोठा भरवसा होता. इतर दिवशी जवळच्या फेऱ्या असायच्या, त्यात ताई वाऱ्यासारखी जायची. रविवारी परतताना चितेगाव यायच्या आधीच तिच्या पोटरीत गोळे यायचे. ती उतरायची, रस्त्याच्या कडेच्या एका वडाखाली पाय लांब करून बसायची, दादा अंगठा धरून पाऊल वर ओढायचे. सर म्हणाले, पाणी कमी पडतंय, जास्त पी. ती जास्त प्यायला लागली. मग गोळ्यांबरोबर मळमळ आणि डोकेदुखीही सुरू झाली. रविवारी अंतरच जास्त असतं, त्यामुळं होत असेल, अशी सगळ्यांनी समजूत करून घेतली होती.

निवड चाचणी आठ दिवसांवर आली. तीही रविवारीच, त्याच रस्त्यावर. आदल्या रविवारी ताईला दोनदा उतरावं लागलं. येताना दादांनी रसवंतीवर मोपेड थांबवली. घुंगरं वाजवत चरक फिरत होता. रसवाले चाचा ओळखीचे होते.

"नमक-निंबू टाकू ना, बेटा?"

"लिंबू टाका. मीठ नको, आज रविवार हाय," ताई म्हणाली.

"क्यूं, इतवारी नमकाला सुट्टी राहती काय?"

दादा हसले. ताईही हसली. मी हसले नाही, कारण मी तिच्या पाठीकडे बघत होते. तिचा काळा टी-शर्ट वाळला होता आणि त्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. एकात एक, डबक्याचं पाणी आटत गेल्यावर काठाला उमटतात तशा.

घरी आल्यावर आईनं तो टी-शर्ट मोरीत भिजवायला घेतला आणि उजेडात धरला.

"हे काय गं? चुना सांडला का कुठं?"

"घाम हाय तो," मी म्हणाले. "वाळलेला."

आईनं बोट ओलं करून त्या रेघेवर फिरवलं आणि जिभेला लावलं. मग ती तशीच उभी राहिली, टी-शर्ट हातात धरून. बाहेर पाटावर ताई अळणी खिचडी खात होती.

"ऊठ," आई म्हणाली. "ताट बाजूला कर. लोणचं घे."

"आज रविवार हाय."

"माहीत हाय मला. अंगातून इतकं मीठ चाललं, अन् मी वरून एक कण जाऊ देत नाय. घे लोणचं."

ताईनं ताट सोडलं नाही. "नवस मोडला अन् निवड नाय झाली तर? सगळे म्हणतील हिनंच मोडला. सायकल गेली की मग तू बोलशील, मी नव्हते सांगत?"

दादा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "अन् नवस पाळला अन् चितेगावला पाय धरून बसली तर सायकल राहती का?"

"तुम्ही मधी बोलू नका," आई म्हणाली.

मग आई ताईच्या समोर बसली.

"नवस कोण बोललं होतं?"

"तू."

"मग धरायचा कुणी? माझं तिथंच चुकलं. बोलले मी अन् पोटाला चिमटा तुला. आजपासून तुझा रविवार माझा. देवाला अळणी जेवणारं एक माणूस पाहिजे ना, ते मी हाय."

"असं चालतं का?"

"चालतं का नाय ते मी बघते. मी बोललेय, माझं अन् त्याचं आम्ही बघू." असं म्हणून तिनं ताईचं ताट स्वतःपुढं ओढलं, उष्टी अळणी खिचडी खायला लागली आणि मला म्हणाली, "हिला वाढ दुसरं. पापड भाज."

त्या आठवड्यात माझ्यातली मोजूनमापून बघणारी बाई पहिल्यांदा जागी झाली असं मला वाटतं. ग्लुकोजच्या जागी काय, हे मी माझ्याकडे घेतलं. सोमवारी दवाखान्यातून आणलेलं ओआरएसचं पाकीट. पाकिटावर लिहिलं होतं तेवढंच पाणी, मोजून. पाय ठीक राहिले, पण ताई म्हणाली, तोंडात घेतलं की ताप आल्यासारखं वाटतं. बुधवारी मीठ घातलेलं पातळ ताक. ते उन्हात हिंदकळून इतकं आंबलं आणि फुगलं की टोपण उडालं आणि दादांची पाठ पांढरी झाली. ते म्हणाले, "मला नको होतं, मी जेवून आलोय." शुक्रवारी लिंबू, साखर आणि मीठ. पहिल्या बाटलीत मीठ जास्त झालं, तिला उलटीसारखं वाटलं. दुसऱ्या बाटलीत, पाकिटाच्या खारटपणाची आठवण ठेवून, मी मीठ कमी केलं. चव घेतली तर साधारण अश्रूंइतकं खारट. ते तिला चाललं. रविवारी नवीन काही करायचं नाही, हेच न्यायचं, असं मी सगळ्यांना बजावलं. तो नियम मी अजून मोडलेला नाही.

चाचणीच्या सकाळी ताई मीठ-तेल लावलेली भाकरी खाऊन निघाली. आईनं चहासुद्धा घेतला नव्हता. ढोरकीनला वळसा घेताना ताई पुढच्या मुलींच्या बरीच मागं होती. चितेगाव जवळ आलं तसा दादांनी आपोआप मोपेडचा वेग कमी केला, उतरायची तयारी म्हणून. ताई त्या नेहमीच्या वडाखालून गेली. थांबली नाही. तिनं वळून आमच्याकडे बघितलंही नाही, फक्त बाटलीसाठी हात मागं केला.

पहिल्या चारांत ती नव्हती. संघात पाच मुली घेतल्या, पाचवी ती.

घरी पोचलो तेव्हा आई दारातच होती. निवड झाली का, असं तिनं विचारलं नाही.

"गोळा आला का?"

"नाय," ताई म्हणाली. "अन् सायकल राहिली."

आई आत गेली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

आता डॉक्टर सांगतात की गोळे एकट्या मिठानं येतात असं नाही. दमलेले स्नायू, कमी सराव, बरंच काही असतं. असेल. त्यादिवशी नेमकं काय लागू पडलं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. आईला मात्र शंका नव्हती. निवड झाल्यावर नवस फिटला होता, पण तिनं रविवार सोडले नाहीत. "निवड झाली, आता टिकायला नको?" म्हणायची. ताईनं शेवटच्या वर्षानंतर सायकल पुसून, तेल घालून कॉलेजात परत केली, त्या रविवारी आईनं पहिल्यांदा आमच्याबरोबर मिठाचं पिठलं खाल्लं. ताई रडत होती आणि आई म्हणाली, "जेव, गार होतंय." तिनं स्वतः दोनदा वाढून घेतलं.

आई आता आमच्या धाकट्या भावाकडे राहते. तिलाही मीठ कमी सांगितलं आहे. "माझे सगळेच वार अळणी झाले," म्हणते, आणि सुनेच्या नजरेआड लोणच्याची फोड उचलते. परवा आमच्याकडे आली तेव्हा टेबलावरची पाकिटं तिनं एकेक उलटून पाहिली. तिन्ही सरावाच्या फेऱ्यांत वापरून झाली होती. नळीतल्या गोळ्यांत सोडियम पुरेसं, पण साखर जवळजवळ नाही. संत्र्याची पावडर दोन तासांनी नकोशी होते. ओआरएसची चव ताईला आजही तापाची वाटते, पण पोटाला तेच सगळ्यात चांगलं चालतं. तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्या मापात तेच, गार पाण्यात, वरून लिंबू पिळून. बाकीचं कपाटात.

काल रविवारी ते घेऊन आम्ही पैठण रस्त्यानं ढोरकीनपर्यंत जाऊन आलो. रस्ता रुंद झालाय, वड राहिले नाहीत, त्यामुळं चितेगावची ती जागा कुठली हे ताईला आणि मला वेगवेगळं वाटलं. वाद घालत घालत परतलो. घरी येऊन हेल्मेट काढतोय तोच ताईचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला.

"गोळा आला का?" आईनं विचारलं.