दादाची पोस्ट

विविधतेच्या नावाखाली सल्लागार नेमून व्हिडिओ गेममध्ये कंपन्या मुद्दाम बायकांची पात्रं घुसवतात, अशी पोस्ट माझ्या थोरल्या भावानं टाकली. खाली दोन्ही बाजूंनी शिवीगाळ सुरू होती. मी त्याला फोन लावला.

“दादा, लहानपणी महागावला आपण टीव्हीवर मारामारीचा गेम खेळायचो, तेव्हा मी कोण व्हायची?”

“ती लाल कपड्यांतली. तुले दुसरं कोणी चालतच नव्हतं.”

“काहून?”

“तेवढीच एक पोरगी होती न त्यात,” तो म्हणाला.

मग आईनं चिडून गेमची वायर तुरीच्या पोत्यात लपवली होती, हे त्यालाच आठवलं. आम्ही पोट धरून हसलो. पोस्ट त्यानं काढली नाही. पण भांडणात पुन्हा उतरलाही नाही.