हळू बोलायचा होमवर्क

सेक्टर दोनमधल्या मुलांच्या थेरपी सेंटरबाहेर दर शनिवारी एक गृहस्थ माझ्या शेजारी बसत. स्टील प्लांटच्या मिलमधून थेट, सेफ्टी शूज घालूनच येत. त्यांची मुलगी चिडली की किंचाळायची, हातातलं फेकायची. माझा मुलगा शाळेत मारामाऱ्या करायचा.

"पोरीले आणतो मी, अन् होमवर्क मले देते मॅडम!" ते पहिल्याच दिवशी गरजले. होमवर्क एकच होता: घरी हळू बोला.

पुढे ते बोलण्याआधी गळ्यावर हात ठेवू लागले, जणू आवाजाचं बटण तिथेच आहे. "मिलच्या धडधडीत हळू बोललं त माणूस मरते, ताई. तीच आदत घरी घेऊन आलो."

मला हसू आलं. ओरडतो बाप आणि थेरपी लेकीला!

महिन्याभरात ती मुलगी त्यांच्या कानात कुजबुजू लागली. मिलनं अधू केलेल्या त्या कानांना काही ऐकू येत नसे, तरी ते मान डोलवत.

एका शनिवारी आमचा नंबर आला. "ऊठ! किती वेळा सांगायचं?" मी मुलावर खेकसले.

मॅडम दारातून म्हणाल्या, "त्याला खेळू द्या. आज तुम्हीच आत या."

मी शेजारी पाहिलं. गृहस्थांनी गळ्यावर हात ठेवला.