ओली छत्री म्हणे

‘बरं, तुमचं खरं’ एवढं एक वाक्य न उच्चारता माणूस पंच्याहत्तर वर्षं जगू शकतो, याचा चालताबोलता पुरावा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मामा कीर्तनकार, त्यामुळे भांडणसुद्धा सुरात करतात. मागच्या सीटवर चौथा माणूस कोंबणाऱ्या रिक्षावाल्याशी त्यांनी घातलेला वाद मालेगाव स्टँड येईपर्यंत इतका रंगला, की तो चौथा माणूस उतरताना त्यांच्या पाया पडला. डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलं तेव्हा म्हणाले, “मी बंद करतो हो, पण जिलबीला काय सांगायचं ते तुम्ही सांगा.” अशा माणसाला वळण लावायचा प्रयत्न माझ्या बायकोने केव्हाच सोडून दिला आहे. मी तर लग्नातच सोडला होता.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मामा काही दिवस आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आले. टीव्ही बघायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. मामांनी ती तंतोतंत पाळली. काळा चष्मा लावून, टीव्हीकडे पाठ करून ते सोफ्यावर बसत आणि आमची लेक मुक्ता जे काही बघत असेल ते कान देऊन ऐकत. मुक्ता त्या दिवसांत एक जपानी अ‍ॅनिमे बघत होती, हिंदीतून बोलणारी कार्टून मालिका. एका राक्षसाने एका मुलीचं सगळं गाव गिळलंय आणि तो तिच्याच सावलीत राहतो. गावातला एकेक माणूस तो परत देतो, पण दर माणसामागे तिची एक आठवण खातो. आई परत मिळाली, तर आईचा आवाज गेला. आई समोर उभी राहून हाक मारतेय आणि पोरीला कळत नाही ही कोण बोलतेय! त्या प्रसंगाला मामांनी भिंतीकडे तोंड करूनच मांडीवर अशी थाप मारली, की शेजारच्या स्टुलावरचा चहा सांडला.

डोळा उघडल्यावर त्यांनी मुक्ताकडे मूळ ग्रंथ मागितला. मूळ ग्रंथ म्हणजे मांगा, इंग्रजीत उतरवलेली जपानी चित्रकथा. ती उजवीकडून डावीकडे वाचायची असते, हे सांगायला आम्ही विसरलो. मामांनी पहिला खंड शेवटाकडून सुरुवातीकडे वाचून काढला. मेलेले उठून बसले, जखमा आपोआप मिटल्या आणि शेवटच्या पानावर सगळं गाव सुखाने जेवायला बसलं. मामा थक्क झाले. “केवढी प्रतिभा! संहारातून उत्पत्ती!” चूक कळल्यावर दुसरा कोणी ओशाळला असता. मामा म्हणाले, “मग आता सरळ वाचतो. दोन्ही बाजूंनी वाचावा असाच ग्रंथ आहे.” पुढचे सगळे खंड त्यांनी अंघोळ करून, पाटावर बसून, पोथीच्या लाकडी व्यासपीठावर ठेवून वाचले. मुखपृष्ठावर राक्षसाची आतडी लोंबत होती. बायकोने हरकत घेतली, तर म्हणाले, “राक्षसाशिवाय पोथी असते का? दाखव एक.”

ही चित्रकथा लिहिणाऱ्या-काढणाऱ्याने टोपणनाव घेतलंय. त्या जपानी नावाचा अर्थ ‘ओली छत्री’ असा होतो, असं मुक्ताने शोधून सांगितलं. बाई की बुवा, कोणालाच ठाऊक नाही. मामांना हे फार आवडलं. त्यांनी गोष्टीवर ओव्या रचल्या आणि प्रत्येक ओवीच्या शेवटी कर्त्याचं नाव घातलं: ओली छत्री म्हणे.

एवढं सगळं आमच्या घरात राहिलं असतं, तर मला आक्षेप नव्हता. पण पंचवटीतल्या एका लहानशा राममंदिरात चैत्राच्या उत्सवाचं कीर्तन मामांच्या घराण्याकडे आहे. वडील गेले तेव्हापासून ती गादी मामा सांभाळतात, वर्षभर त्या दिवसांवरच जगतात म्हणा ना. मागच्या चैत्रात पूर्वरंग नेहमीसारखा झाला. बुक्का लावून झाला, हार घातला, आणि उत्तररंगात मामांनी सावलीतल्या राक्षसाचं आख्यान लावलं! मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सभामंडपात बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. रोज संध्याकाळी गर्दी वाढत गेली. पुढे बसलेली यमुनाबाई, बाजारात मेथीचे वाटे लावणारी, कीर्तन संपल्यावर मामांचं उपरणंच धरायची. “बुवा, त्या पोरीचं पुढं काय हुतंय? लय जीव लागला हो तिला.”

उत्सवापुरते मामा आमच्याकडेच उतरले होते. उत्सव संपायच्या आदल्या दिवशी देवस्थानचे अध्यक्ष आमच्या घरी आले.

“बुवा, आख्यान झकास. आमची आईसुद्धा रडली. फक्त ही ओली छत्री कोण?”

“ज्यांची गोष्ट आहे ते. जपानात असतात.”

अध्यक्षांनी कप खाली ठेवला. “म्हणजे लोक म्हणतात ते खरं? पोरांचं कार्टून?” माणूस तसा सज्जन होता. आवाज उतरवून म्हणाला, “हे बघा, एखाद्या पुराणाचं नाव घ्या. कोण तपासायला बसलंय? तेवढी छत्री काढा, उद्याचं कीर्तन तुमचंच. नाहीतर मला दुसरे बुवा बोलवावे लागतील, आणि पुढच्या वर्षीसुद्धा तेच येतील.”

बायको मामांकडे डोळे वटारून बघत होती. मीही मनात म्हणत होतो, म्हणा हो मामा, एकदा म्हणा, तुमचं खरं. मामांचा चेहरा पडला होता. ती गादी जाणार म्हणजे काय जाणार, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

“अभंगाच्या शेवटी कर्त्याचं नाव का असतं, साहेब?” मामा म्हणाले. “आमच्यासारख्या गाणाऱ्यांनी पळवू नये म्हणून. जन्मभर दुसऱ्यांचंच गाऊन जेवलो. नाव गाळून एकदाही जेवलो नाही. बोलवा दुसरे बुवा.”

इतका हट्टी माणूस मी पाहिला नाही आणि त्या क्षणी मला त्याचा इतका अभिमान वाटला, की अध्यक्षांना दारापर्यंत सोडायलाही मी उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी मंदिरात नवे बुवा उभे राहिले, आणि त्याच वेळी भाजीबाजारात, यमुनाबाईने मेथी बाजूला सारून केलेल्या जागेत, ताडपत्रीखाली मामा उभे राहिले. पेटीवाला रिकाम्या क्रेटवर बसला. भोवती कांद्याची पोती, हमाल, पिशव्या घेतलेल्या बायका. मामांनी तिथे जे कीर्तन केलं, तसं त्यांनी कुठल्याही मंदिरात केलं नसेल. नाव तर दर ओवीला आधीपेक्षा मोठ्याने घेतलं. गोष्ट शेवटाला आली. गिळलेला एकच माणूस उरलाय, मुलीचा धाकटा भाऊ. आणि तिच्याजवळ द्यायला एकच आठवण उरलीय, स्वतःचं नाव. राक्षसाने हात पुढे केला. मुलीने तोंड उघडलं.

आणि मामांनी झांज खाली ठेवली.

“पुढं?” सगळा बाजार ओरडला.

“पुढचं अजून लिहिलेलं नाही. आज सकाळीच नातीने सांगितलं. ओल्या छत्रीचा उजवा हात आजारी आहे. चित्रं काढणं थांबलंय. पुन्हा कधी सुरू होईल, माहीत नाही.”

पेटीवाला कुजबुजला, “बुवा, लावा की काहीतरी शेवट. पोरगी जिंकली म्हणा, लोक घरी जातील.” मामांना काय अवघड होतं? जन्म शेवट रंगवण्यात गेला. पण त्यांनी मान हलवली. “शेवट त्यांचा आहे.” मग त्यांनी सगळ्यांना हात जोडायला सांगितले, त्या हातासाठी. हमालांनी जोडले, बायकांनी पिशव्या खाली ठेवून जोडले, मीही जोडले. आरती तेवढीच झाली.

यंदा चैत्रात मंदिराचं बोलावणं आलं नाही. उत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी मामा आमच्या गॅलरीत गप्प बसून होते. त्यांना गप्प बसलेलं बघवत नाही, म्हणून मी उगाच भाजी आणायला बाहेर पडलो. यमुनाबाईने मला ओळखलं.

“दादा, त्या बाईचा हात बरा झाला का हो?”

“नाही अजून.” ती बाई आहे की नाही, हे मी सांगत बसलो नाही.

यमुनाबाईने मेथीवर पाणी शिंपडलं. “मंग बुवांला सांगा, तिला कळवा म्हणावं. घाई नाय. आमाला तिच्याच तोंडून ऐकायचंय.”

मी घरी येऊन यमुनाबाईचा निरोप मामांना जसाच्या तसा सांगितला. मामा डोळे पुसत म्हणाले, “बरं, तिचं खरं.”