पवनेच्या चिखलातला नांगर

शेखसाहेब गेल्याचं मला कंपनीच्या बसमध्ये कळलं. पुढच्या सीटवरच्या कुणीतरी मागे वळून सांगितलं, "दापोडीचे शेख, ड्रॉइंग ऑफिसवाले... गेले परवा." आणि तो पुन्हा पुढे बघायला लागला. चिंचवड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले. महिना झाला त्याला. रडू आलं नाही, अजूनही येत नाही. नुसता थकवा आहे.

मी त्यांच्या हाताखाली ट्रेसर होते. त्यांनी पेन्सिलीनं काढलेलं ड्रॉइंग शाईनं उतरवायचं, हे माझं काम. समुद्रात तेल लागल्यानंतरच्या त्या वर्षांत आमच्या कारखान्याला तरंगत्या बोयांचे साखळदंड आणि नांगर करायचं काम मिळालं. तेलाची जहाजं या बोयांना बांधायची. परदेशी नमुन्यावरून नांगर ओतायला सुरुवातही झाली. तिथल्या समुद्रतळाच्या मातीचा अहवाल वाचल्यापासून शेखसाहेबांना मात्र चैन पडेना. "कांबळेबाई, हा नांगर वाळूतला आहे. तिथे खाली लोण्यासारखा चिखल. हा रुतायचा नाही, घसरत जाईल."

त्यांनी हातभर लांबीचे दोन नमुने करून घेतले आणि एका रविवारी काळेवाडीजवळ पवनेच्या चिखलात, एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधून ते ओढून पाहिले. टिपणं घ्यायला मी होते. शेतकरी हसला, "साहेब, ह्यो कसला नांगर? ह्यानं रान नांगरून व्हायचं न्हाई!" "हा नांगरायचा नाही पाटील, हा नुसता रुतून बसायचा," साहेब म्हणाले. पहिला नमुना चिखलावरून सरकत गेला. दुसऱ्याच्या फाळांचा कोन त्यांनी वाढवला होता. तो खाली, आणखी खाली गेला आणि ट्रॅक्टरची चाकंच जागेवर फिरायला लागली. गुडघाभर चिखलात उभे राहून साहेब मोठ्यानं हसले... तसं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

जुन्या ड्रॉइंगवर अंतिम सही करायला त्यांनी नकार दिला. वरचे चिडले, पण गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरनं नदीवर येऊन स्वतः चाचणी पाहिली आणि प्रश्न मिटला. ओतलेले नांगर पुन्हा भट्टीत गेले. फाउंड्रीतल्या माणसांची दोन महिन्यांची मेहनत त्यांच्या डोळ्यांदेखत वितळली. त्यानंतर कँटीनमध्ये शेखसाहेबांच्या टेबलावर कुणी बसेना. मीही बसले नाही. माझा भाऊ फाउंड्रीत होता, घरी रोज ऐकावं लागायचं... साहेब डबा घेऊन ऑफिसातच बसू लागले. एकदा मी ट्रेसिंग द्यायला गेले तर डब्याचं झाकण लावत म्हणाले, "बरोबर असण्यानं माणूस एवढा थकतो, हे कुणी सांगितलं नव्हतं, बाई." वर्षभरात त्यांना स्टोअरला पाठवलं. तिथूनच ते निवृत्त झाले.

गेल्या रविवारी दापोडीला त्यांच्या घरी गेले. खिडकीशी त्यांचा ड्रॉइंग बोर्ड होता, त्यावर त्यांच्या बायकोनं, भाभींनी, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या ठेवल्या होत्या. चहा पुढे करत त्या म्हणाल्या, "हे घरी काही सांगायचे नाहीत. ते समुद्राचं काम... टिकलं का?"

"हो, भाभी."

खरं तर मला माहीत नव्हतं. बोया सुटून गेल्याची बातमी कधी आली नाही, एवढंच.

"मग लोक त्यांच्याशी बोलत का नव्हते?"

मी सांगितलं. भट्टीचं, कँटीनचं, सगळं. आणि त्या लोकांत मीही होते, हेसुद्धा. भाभींनी बोर्डावरच्या घड्या सारख्या केल्या. मग म्हणाल्या, "चहा घ्या, बाई. निवतोय."