त्यांचं टेन्शन, आमचं येड

"ह्यो बघा. ह्योच तो येडा. स्टँडावर भाषणं ठोकायचा. आता माणसात आलाय."

आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन आबा माईकवर असं बोलले आन् शिरूरचं ते अख्खं मंगल कार्यालय हसलं. ह्यो म्हंजी माझा थोरला भाऊ. सत्कार माझा व्हता, त्याचा न्हाई. मनाचा आजार झालेल्या माणसांना दवाखान्यात न्यायचं, घरच्यांना समजावून सांगायचं, हे काम मी गावोगाव फिरून करते. आमच्यासारख्या स्वयंसेवकांचा आबांच्या हातनं सत्कार ठेवलेला. माझ्या खांद्यावर शाल, हातात नारळ. दादा कारेगावच्या कंपनीतनं सुट्टी काढून आलेला, इस्त्रीचा शर्ट घालून. मागं गुपचूप बसला व्हता. आबांनी त्याला स्टेजवर बोलवून घेतलं आन् माईक त्याच्या तोंडापुढं धरला.

"कर की एक भाषण. पूर्वी लय भारी करायचास."

दादाच्या मानेवर घाम आला. मी शेजारीच व्हते, मला दिसला.

दादा आजारी व्हता तवा स्टँडावरचं टोळकं त्याला अर्धा कप चहा पाजायचं. मग म्हणायचं, "हं, कर सुरू." दादा पुढाऱ्यासारखा हात वर करून बोलायचा. ते टाळ्या वाजवायचे. आई लांबनं बघायची, तोंडात पदर कोंबून. आमच्या आज्याची मेंढरं व्हती, म्हणून त्यांचं बोलणं ठरलेलं. "मेंढरामागं हिंडून डोकं फिरलं ह्यांचं." त्या टोळक्यात आबा पुढं असायचे. तवा ते सोसायटीचे चेअरमन नव्हते, पण जमीन, ऊस, गाडी सगळं व्हतं.

आन् ह्याच आबांच्या बंगल्यात मी गेल्या वर्षापासनं जात व्हते. बाळंतपणानंतर त्यांच्या सूनबाईची झोप गेली. बाळ रडायचं आन् ती भिंतीकडं बघत बसायची. तवा आबांच्या बायकोचा मला फोन आला. "ये. पण मागनं ये, गोठ्याकडनं. पुढं माणसं बसलेली असत्यात."

मी गेले. शेणामुतातनं वाट काढत गेले. आजारी माणूस आत हाय, दाराचं काय घेऊन बसायचं, असं मनाला समजावलं. डॉक्टर दौंडचे धरले, कारण शिरूरात वळखीचं कुणीतरी भेटतंच. मी एसटीनं चौफुल्याला जायचं, तिथं उभं राहायचं, मग त्यांच्या गाडीत बसायचं. आमच्या गावात आम्ही एका गाडीत दिसायला नको. विचारलं कुणी, तर सूनबाईला जरा टेन्शन आलंय म्हणायचं. दादालाबी मी तिथंच नेलेलं. डॉक्टर तेच, बाकडंबी तेच. दादा त्या बाकड्यावर बसला तवा तो येडा. सूनबाई बसली तर टेन्शन.

हे सगळं त्या स्टेजवर माझ्या जिभेवर आलं. आबांच्या हातनं माईक मी काढून घेतला व्हता. एक वाक्य बोलले असते तर आबांची पार वाट लागली असती, आन् मला तेच पायजे व्हतं, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या रांगेत सूनबाई बसलेली, मांडीवर बाळ. तिचं तोंड पांढरंफटक पडलेलं. ती माझ्याकडंच बघत व्हती. तिचा काय दोष? तिला चारचौघात उघडी पाडली असती तर आबांत आन् माझ्यात फरक काय राहिला असता? गिळलं मी ते.

एवढंच बोलले, "माझा भाऊ तमाशा दाखवायला आलेला न्हाई. तो आजारी व्हता. औषध घेतो, कामाला जातो. त्याला येडा म्हणणाऱ्याच्या हातचा सत्कार मला नको."

शाल आन् नारळ आबांच्या पुढ्यात ठेवला. आबा दात खाऊन म्हणाले, "लय शहाणी झालीस. तुला स्टेजवर कुणी आणली, इसरू नको."

दादाचा हात धरून मी खाली उतरले. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "शाल चांगली व्हती गं." आन् हसला. मला हसू आलं न्हाई.

दोन दिवसांनी आबांच्या बायकोचा फोन. "उद्या दौंडला जायचंय. झालं गेलं सोडून दे. मागनं ये."

मी म्हणाले, "फोन सूनबाईंना द्या." ती आल्यावर सांगितलं, "ताई, तुमच्यासाठी मी मागनं येईन. आबांच्या अब्रूसाठी येणार न्हाई. आता तुम्ही सांगा."

पलीकडं बाळ रडायला लागलं. हिनं फोन ठेवला, उद्या दवाखाना चुकला, गोळ्या बंद झाल्या, तर त्या बाळाचं काय? मग तिचा आवाज आला.

"पुढनं या."

सकाळी मी बंगल्याची पुढची बेल दाबली. पोर्चात आबा आन् त्यांची माणसं चहा पीत बसलेली. आबांचा कप हातातच राहिला. सूनबाई बाळ घेऊन बाहेर आली, चपला घातल्या. एकानं विचारलं, "कुणीकडं निघाला, वैनी?"

"दवाखान्यात," ती म्हणाली. "दौंडला. डोक्याच्या डॉक्टरकडं."

कुणीच हसलं न्हाई. आबा खाली फरशीकडं बघत व्हते. गाडीत बसताना ड्रायव्हरनं सवयीनं मला विचारलं, "तुम्ही चौफुल्याला ना?"

"न्हाई. हितनंच."

आता माझं ठरलंय. आजारी माणूस स्वतः म्हणाला, ताई गप ऱ्हावा, तर मी मरेपतूर गप ऱ्हाईन. पण घराण्याच्या अब्रूसाठी कुणी मागनं ये म्हणालं, तर पुढची बेल वाजवणार. पोर्चात माणसं बसलेली असली तर जरा जास्तच येळ दाबून धरणार.