भिकुबाईची सांगड

१२ सप्टेंबर १९८८, सोमवार. आभाळ भरलेलं, पाऊस नाही. पोळ्याचं उरलेलं पुरण सकाळी गाईला घातलं. साडेसातच्या सुमारास चुडामण मुकादमाची सून कमलबाई, वय अंदाजे एकवीस, नाल्यात बुडून गेली. आठ बायका पाण्यात उतरल्या, सात वर आल्या. बाहेर काढली तेव्हा भोपळे कमरेला होते. चुडामणचा मुकादम म्हणून आज पहिला दिवस. बागेतलं काम बंद ठेवलं. जेवण केलं नाही.

ही नोंद सुनंदाबाईंच्या वहीतली. चोपड्याकडच्या त्या तापीकाठच्या गावात त्यांची केळीची बाग नाल्यापलीकडे होती. उन्हाळ्यात नाला कोरडा असे, बैलगाडी सहज जाई. पावसाळ्यात तापी फुगली की तिचं पाणी नाल्यात शिरून तुंबे आणि दिवाळी होईपर्यंत हटत नसे. वळसा घालून जायचं तर सहा मैलांचा चिखल. पुरुष पोहून जात. बायका भोपळे बांधून जात, आणि ते भोपळे बांधून देई भिकुबाई.

भिकुबाई साठीची, काळी, काटक. तिचा नवरा पुना नाल्यावर नाव चालवायचा. नाव कुजली, पुढे दोन वर्षांनी पुनाही गेला. मागे राहिला छपरावरचा कडू भोपळ्याचा वेल. भोपळे वेलावरच वाळू द्यायचे, देठापाशी भोक पाडून बिया काढायच्या, महिनाभर चुलीवर धुरात टांगायचे आणि तोंड राळेने बंद करायचं. असे दोन भोपळे दोरीने जोडले की झाली सांगड. एवढं गावात कोणालाही जमलं असतं. कोणाला कोणते भोपळे द्यायचे, हे मात्र फक्त भिकुबाईला कळे.

नवी बाई आली की भिकुबाई तिला आधी गळ्याएवढ्या पाण्यात उभी करी.

"श्वास ले. आजून ले. छातीमा ले, पोटमा नको."

श्वास भरल्यावर पाणी हनुवटीवरून किती खाली जातं ते ती पाही. मग काखेखाली वीत लावून छाती मोजी, हाताची लांबी बघे. बुटक्या बाईला मोठे भोपळे दिले तर ती पाण्याच्या एवढी वर येते की हात पाण्याला पोचत नाहीत, नुसती हवेत वल्हवत बसते. उंच बाईला गोल भोपळे दिले तर ती ओंडक्यासारखी कुशीवर पडते. तिला लांबट हवेत, बरगड्यांना धरून राहणारे. घरात बावीस भोपळे टांगलेले होते आणि त्यातला कोणता कोणाचा ते भिकुबाईला अंधारात हात लावून सांगता येई.

ताईबाई नावाची एक जाडजूड मजूर बाई होती, तोंडाची फटकळ. पहिल्याच दिवशी तिने भांडण काढलं.

"अक्का, माले मोठा भोपळा दे व. मी केवढी जाडी शे, दिखत नही का?"

"जाडी शे म्हणीसनच ल्हाना देस. तू ते बिनभोपळानी बी तरंगशी. बुडस ती हाडकुळी."

"देखा व बाया! मनी चरबी बी कामनी निंघनी!"

काठावर हशा पिकला. हाडकुळी कमलबाई लग्न होऊन आली ती त्याच पावसाळ्यात. भिकुबाईने तिला सगळ्यात मोठी लांबट जोडी दिली होती आणि दोरी स्वतःच्या हाताने बांधली होती. काखेच्या लगेच खाली, छातीच्या वर. गाठ पुढे, हाताशी.

सगळं शास्त्र शेवटी त्या गाठीच्या जागेत होतं. दोरी छातीला असली की डोकं वर राहतं. कमरेला आली की भोपळे ढुंगण उचलतात आणि डोकं खाली जातं. कमरेला आवळलेली दोरी पाण्यात फुगते, मग डोकं खाली गेलेल्या बाईला ती ना वर सरकवता येते ना सोडवता येते. भिकुबाई हे प्रत्येकीला सांगे, रोज सांगे, सांगून सांगून बायका तिची नक्कल करू लागल्या होत्या.

त्या सोमवारी बांधताना कमलबाई कुजबुजली होती, "अक्का, पल्याड मामांजी उभा शेतस."

"मग राहू दे ना उभा."

एवढंच. भिकुबाईने पलीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. आधीचा मुकादम म्हातारा, आंधळेपणाकडे झुकलेला. बायका पाण्यातून निघाल्या की तो हजेरी घेई आणि कोण कशी निघाली ते त्याला दिसतही नसे. त्या दिवसापासून हजेरीला चुडामण आला. तो कमलबाईचा सासरा. आजवर सून त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देता वावरली होती. आता ओल्या लुगड्यात, छातीवर आवळलेली दोरी घेऊन तिला थेट त्याच्यापुढे बाहेर निघायचं होतं.

नाल्याच्या मध्यावर तिने गाठ सैल केली, दोरी पदराखाली कमरेपर्यंत ओढली आणि पुन्हा आवळली. पुढच्या बायका पुढे होत्या, मागच्या आपापल्या हातापायांत गुंतलेल्या. ताईबाईने वळून पाहिलं तेव्हा पाण्यावर दोन तळपाय होते.

तिला काढली, काठावर आणली, घरी नेली. अंघोळ घालायला चार बायका बसल्या, त्यांत भिकुबाई होती. बेंबीच्या वर दोरीचा लाल वळ उठला होता, बोटाएवढा जाड. काखेखाली काहीच नव्हतं. चौघींनी ते पाहिलं. एकीने वळावरून हात फिरवला आणि लगेच कापड ओढलं.

बाहेर ओट्यावर पोलीसपाटलासमोर चुडामण सांगत होता, "भोपळा फुटका व्हता. म्हतारीले आते दिखत नही."

भिकुबाई ओल्या हातांनी दारात आली. "दोन्ही भोपळा अख्खा शेतस, चुडामणभाऊ. बुडाडीसन देखा, एक बुडबुडा येवाव नही."

"मनी सून मरनी, नि तू भोपळा दखाडस?"

"दोर कमरले व्हता, भाऊ."

कमरेला का होता, हा पुढचा प्रश्न आपोआप येणार होता, आणि त्याचं उत्तर ओट्यावरच बसलं होतं. कोणी विचारलं नाही. कागदावर 'भोपळा निकामी' एवढं लिहिलं गेलं. आत ज्या तिघींनी वळ पाहिला होता त्यांचेही सासरे, दीर ओट्यावर होते. त्या आतच राहिल्या.

फुटक्या भोपळ्याचं नाव आपल्यावर आलं याचा भिकुबाईला राग होताच. पण रात्रंदिवस तिला खात होतं ते दुसरंच. सुतक फिटलं की बायका पुन्हा पाण्यात उतरणार. पलीकडे चुडामण उभा असणार. त्याच्या भाऊबंदांतल्या पाच सुना त्या टोळीत होत्या, आणि भोपळा फुटका होता असं मानून त्या मोठ्या विश्वासाने नवा भोपळा बांधणार, आणि मध्यावर गेल्यावर दोरी खाली ओढणार. कारण दोरीनेच माणूस मेलं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं. म्हणून भिकुबाई घरोघर गेली. सुना ऐकायच्या, खाली मान घालून. सासवा म्हणायच्या, "तुना भोपळा फुटका निंघना, आते दोरवर ढकली राहिनी."

सातव्या दिवशी ती सुनंदाबाईंकडे गेली. सुनंदाबाई विधवा, भुसावळच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या, बागेचा कारभार एकट्या पाहणाऱ्या. त्या दिवशी त्याही पलीकडच्या काठावर होत्या.

"बाई, तुम्हीन बी देखं. तुमनी वहीमा लिखेल व्हई."

"लिहिलं आहे."

"मग सांगा ना चार लोकेसमा. तुमनं कोनी खोटं नही म्हणाव."

सुनंदाबाई म्हणाल्या, "त्यांच्या घरातली गोष्ट आहे, भिकुबाई. सासऱ्यापुढे, दहाव्याच्या आधी, मी बाहेरच्या बाईने ती कशी काढायची?"

"बरं," म्हणून भिकुबाई उठली. उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाली, "पल्याडला मळा तुमनाच शे, बाई."

दहावं नाल्याच्या काठावरच होतं. सगळं गाव जमलेलं. पुरुष पुढे, न्हावी वस्तरा घेऊन चुडामणच्या डोक्याशी, बायका मागे लिंबाखाली. पिंड ठेवून झाले होते, लोक कावळ्याची वाट पाहत होते. तेवढ्यात भिकुबाई खांद्यावर सांगड टाकून बायकांच्या घोळक्यातून निघाली आणि पुरुषांच्या मधून चालत पाण्याशी गेली. तिच्या खांद्यावरचे भोपळे तेच होते, कमलबाईचे.

"म्हतारीनं डोकं फिरनं," कोणीतरी म्हणालं.

कमरेएवढ्या पाण्यात ती वळली. पदर खोचून घेतला आणि सगळ्या पुरुषांसमोर दोरी काखेखालून छातीवर घेतली, गच्च आवळली. काठावरच्या दोघातिघांनी माना वळवल्या.

"देखा," ती बायकांकडे पाहत म्हणाली. "हाई असं. छातीले."

ती आत गेली, पाय सुटले, आणि म्हातारी बुचासारखी तरंगत राहिली. हात वर करून दाखवला. मध्यावर जाऊन तिने काठाकडे तोंड केलं.

"आते कमरले."

दोरी सैल झाली, खाली गेली, पुन्हा आवळली गेली. क्षणभर ती तशीच दिसली. मग भोपळ्यांनी उसळी घेतली, डोकं खाली गेलं आणि पाण्यावर दोन म्हातारे तळपाय आले.

एक पोरगं हसलं, त्याला बापाने थोबाडीत मारली. पाय हलत होते. आधी जोरात, मग कमी. पुरुष उभे होते. पोहता येणारे वीस-पंचवीस जण असतील. पण लुगडं वर गेलेली बाई पाण्यात, तिला हात कसा लावायचा, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत होता. दहा दिवसांपूर्वीही पलीकडच्या काठावर असंच झालं होतं का, हे त्या वेळी अनेकांच्या मनात आलं असेल.

"काढा रे तिले! तमाशा देखतस का!" ताईबाई ओरडली. न्हाव्याच्या हातातला वस्तरा हिसकावून ती तशीच पाण्यात शिरली. तिला भोपळा लागला नाही. दोन्ही हातांनी पाणी हाणत ती पोचली, दोरी कापली आणि भिकुबाईला केसांना धरून ओढत आणली.

भिकुबाईच्या नाकातोंडातून पाणी आलं, खोकत ती काठावर पडून राहिली. बायका लिंबाखालून पुढे आल्या होत्या, पुरुषांच्याही पुढे. त्यांतली एक, चुडामणच्या पुतण्याची बायको सुंदरबाई, खाली वाकली आणि तिने भिकुबाईच्या पोटावरचा पदर बाजूला केला. बेंबीच्या वर लाल वळ उठत होता. तिने तो झाकला नाही. जवळ येणाऱ्या प्रत्येक बाईला दिसेल असा उघडा ठेवला.

चुडामण पिंडापाशी उभा होता. त्याचं मुंडण अर्धं झालेलं. तो भिकुबाईजवळ आला नाही. अर्ध्या डोक्याने तो तसाच घराकडे निघून गेला, आणि न्हाव्याला मागे जाऊन ते पुरं करावं लागलं.

भिकुबाईच्या उजव्या कानात पाणी गेलं ते नासलं. चोपड्याच्या दवाखान्यात नेऊनही त्या कानाचं ऐकू येणं गेलं ते गेलंच. कागदावरचं 'भोपळा निकामी' तसंच राहिलं. ते बदलून घ्यायला कोणी गेलं नाही, आणि तिची क्षमाही कोणी मागितली नाही. गावात पुढे बरीच वर्षं काही जण तिचं नाव घेताना फुटक्या भोपळ्याची म्हातारी असंच म्हणत.

सोमवारी, सव्वीस तारखेला, काम पुन्हा सुरू झालं. सकाळी बायका काठावर आल्या त्या सरळ भिकुबाईपाशी. ती प्रत्येकीला डाव्या बाजूला उभी करत होती, ऐकू यावं म्हणून. सुंदरबाईच्या काखेखाली वीत लावली, श्वास घ्यायला लावला, आणि आधीची गोल जोडी काढून लांबट दिली. सुंदरबाईने दोरी छातीवर घेतली आणि गाठ स्वतः मारली. भिकुबाईने बोट घालून पाहिलं. बोट गेलं नाही.

पलीकडे हजेरीची वही घेऊन चुडामण उभा होता. पहिली बाई पाण्यात उतरली तसा तो वळला आणि नाल्याकडे पाठ करून, केळीकडे तोंड करून उभा राहिला. बायका एकेक करून निघत होत्या, ओल्या, दोरी छातीवर. तो मागे न बघता नाव घेई, मागून "हाव" येई, तो खूण करी. सुंदरबाईचं नाव त्याने घेतलं. उत्तर यायला थोडा वेळ लागला. त्याची मान हलली नाही, पण पेन्सिल कागदावर टेकलेलीच राहिली. मग मागून धापा टाकत आलं, "हाव."

सात नावं झाली. आठवं त्याने घेतलं नाही.

अलीकडच्या काठावर भिकुबाई सगळ्या निघेपर्यंत पाण्यात पाय घालून उभी होती. मग ती उरलेले भोपळे गोळा करून घरी गेली.

सुनंदाबाईंनी त्या संध्याकाळी वहीत लिहिलं : सात बायका कामावर. दळण आणलं, पीठ जाड निघालं. गिरणीत उद्या सांगायचं.